हुसेनभाईंची वही आणि माझी चौथी फेरी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या शीडहोडी मंडळाचा कारभार एकहाती हाकणाऱ्या राजश्रीताई खेडेकर, बंदरावरची कामं टाकून आलेले प्रमुख पाहुणे निलेशराव सुर्वे, आजचे सत्कारमूर्ती हुसेनभाई सोलकर, समोर बसलेल्या महरीनभाभी, त्यांची कन्या आसिया, मंडळाचे आजी-माजी सभासद, आणि बिर्याणीच्या वासाने दाराशी थबकलेल्या सर्व मित्रहो,

मी चिंतामणी आगाशे, पावसचा. आंबा हा माझा धंदा आणि शीड हे व्यसन. उपाध्यक्ष या नात्याने चार शब्द बोलावेत अशी मला आज्ञा झाली आहे. ताईंनी दहा मिनिटं दिली आहेत. हुसेनभाई व्यासपीठावर बसलेले असताना वेळेत लबाडी करायची सोय नाही, कारण त्यांनी आत्ताच मनगट वळवून घड्याळ पाहिलं, ते मी पाहिलं.

हुसेनभाईंनी उमेदीची वर्षं जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, म्हणून काढली. गावी परतले आणि एका रविवारी भाट्ये खाडीच्या धक्क्यावर आमची शर्यत बघायला आले. आमची भांडणं ऐकून त्यांनी खुर्ची मागितली. त्या खुर्चीवर ते एकोणीस वर्षं बसले. एक टेबल, एक घंटा, एक घड्याळ आणि एक लांबट वही. आता नजर अधू झाली, लाल आणि भगवा सारखाच दिसायला लागला, म्हणून त्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली आहे. स्वतःहून खुर्ची सोडणारा माणूस मी रत्नागिरीत दुसरा पाहिलेला नाही. ताई, तुमच्याबद्दल नाही बोललो.

पाहुण्यांना वाटेल, होड्यांच्या शर्यतीत भांडण्यासारखं काय आहे? जो पुढे तो पहिला! पण निलेशराव, आमच्याकडे एकासारखी दुसरी होडी नाही. माझी फायबरची, सुळकन जाते. सोलकरांची लाकडी, वजनदार. तासाभराची शर्यत, तास संपला की हातातली फेरी पुरी करून थांबायचं. तेवढ्यात माझ्या चार फेऱ्या होतात, लाकडी होडीच्या तीन. आता जिंकलं कोण? दोन गडी आंबे उतरवतात, एकाचं कलम घराशी, दुसऱ्याचं डोंगरावर. नुसते हारे मोजून कोण जास्त राबला ते कळेल का?

म्हणून भाईंनी रीत बसवली. लागलेल्या वेळेला फेऱ्यांनी भागायचं, म्हणजे एका फेरीची वेळ निघते. मग सर्वात जास्त फेऱ्या ज्याच्या, तितक्या सगळ्यांनीच मारल्या असं धरायचं. शेवटी प्रत्येक होडीला तिच्या चालीप्रमाणे जो नंबर दिलेला आहे, त्याने भागायचं. माझ्या होडीला हजार, त्यांच्या लाकडीला बाराशे सत्तर. भागाकार भाई कागदावर करायचे आणि कॅल्क्युलेटर घेऊन आम्ही पाच जण मागे उभे राहायचो. उत्तर आधी त्यांचंच यायचं.

या रीतीवर पहिली हरकत मीच घेतली. एका रविवारी माझी चौथी फेरी ओहोटीत सापडली. पाणी उलटं, होडी जागची हलेना, त्या एका फेरीला बावीस मिनिटं गेली आणि मी हरलो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, "हा कुठला न्याय? माझी चौथी फेरी ओहोटीतली. या लाकडी होडीवाल्यांनी ती मारलीच नाही, आणि तुमच्या गणितात मात्र यांची न मारलेली फेरी भरतीत मारल्यासारखी धरली!" न्याय या विषयावर मी त्या दिवशी अर्धा तास बोललो. ताई साक्षीला आहेत.

हुसेनभाई शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "चिंतूभाऊ, तुमचं बरोबर आहे." मला वाटलं, जिंकलो! तर पुढे म्हणाले, "पण सकाळी सांगितलेला नियम संध्याकाळी बदलायचा नाही. आजचा निकाल हाच. पुढच्या रविवारपासून ओहोटी लागायच्या आत घंटा." आणि तेव्हापासून भरतीचं कोष्टक बघून शर्यतीची वेळ ठरते. मंडळाच्या माहितीपत्रकात या सुधारणेपुढे सूचक म्हणून माझं नाव छापलेलं आहे. मी ते पत्रक बऱ्याच जणांना वाटलं आहे.

त्यांची दुसरी रीत बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. शर्यत संपली की ते वही मिटून ठेवतात. एकेकाने टेबलाशी यायचं, आपलं नाव, आपली होडी आणि आपल्या फेऱ्या मोठ्याने सांगायच्या. मग ते वही उघडतात. मी एकदा विचारलं, "भाई, तुम्ही इथे बसून मोजताच, मग आम्हाला कशाला विचारता?" तर म्हणाले, "धक्क्यापुढून किती वेळा गेलात ते मला दिसतं. तिकडे लांब पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घातलात की नाही, ते इथून दिसत नाही. ते तुम्हीच सांगायचं."

आता मी थोडं पाणी पितो.

अकरा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमची कपाची शर्यत होती. माझ्या पाठीमागे भिंतीवर जो फलक आहे, त्यावर त्या वर्षापुढे चिंतामणी आगाशे असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं दिसेल. मला चार फेऱ्यांना चौसष्ट मिनिटं लागली. आसियाने लाकडी होडीत तीन फेऱ्या मारल्या, एकसष्ट मिनिटांत. तेव्हा ती कॉलेजात होती, आता कॉलेजात शिकवते. भाईंनी तिच्या चार फेऱ्या धरल्या, नंबराने भागलं, आणि मी अडीच सेकंदांनी जिंकलो. स्वतःच्या मुलीला अडीच सेकंदांनी हरवून त्या माणसाने माझा हात हातात घेतला, "मुबारक हो चिंतूभाऊ" म्हणाला. त्यांच्या निःपक्षपातीपणाचा हा दाखला आजवर प्रत्येक भाषणात दिला गेला आहे. मीही दोनदा दिला आहे.

त्यातलं जे सांगायचं राहिलं, ते आज सांगतो.

चौथ्या फेरीत वारा पडला होता. कोळ्यांनी खाडीत जाळं टाकलं होतं, त्याचा भगवा बोया आमच्या लाल बोयाच्या चाळीसेक हात अलीकडे तरंगत होता. मी त्याला वळसा घातला. इथपर्यंत चूक, कुणाचीही होईल. पण समोरून आसिया येत होती. ती उभी राहिली आणि हात हलवून ओरडली, "काका, बोया पुढे आहे!"

मला स्वच्छ ऐकू आलं. परत फिरलो असतो तर मिनिटभर गेलं असतं. मी शीड ओढलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. ती स्वतः लाल बोयाला नीट वळसा घालून आलेली होती. पोरीने मला मदत केली होती, आणि तिच्याच कपावर मी हात मारला.

टेबलाशी गेलो. वही मिटलेली. भाईंनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, "चार." का कोण जाणे, त्यांनी पुन्हा विचारलं, "बोया धरून?" मी म्हणालो, "धरून." माझ्यामागे आसिया उभी होती. तिचा नंबर आला, ती म्हणाली, "तीन." बस्स, एवढंच. पंचाची मुलगी; हरकत घेतली असती तर बापाच्या खुर्चीवर बोट आलं असतं. आणि बोट दाखवणाऱ्यांत, मला माझा स्वभाव ठाऊक आहे, मी पहिला असतो.

दुसऱ्यांची न मारलेली फेरी धरली म्हणून मी टेबल आपटलं होतं. तिथे निदान सगळ्यांना माहीत होतं की ती मारलेली नाही. माझी न मारलेली फेरी मी मारली म्हणून लिहवून घेतली. खरी धरली तर माझ्या तीनच. वेळेला तिनाने भागलं तर मी चौथ्या नंबरावर जातो. मी ते गणित घरी कैक वेळा केलं आहे. उत्तर दर वेळी तेच येतं.

गेल्या आठवड्यात भाईंच्या जागी आसियाचं नाव ठरलं. बैठक संपल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "इतकी वर्षं गप्प का राहिलीस?" ती म्हणाली, "अब्बांनी वही उघडायच्या आधी तुम्हाला विचारलं होतं ना, काका? तुमच्या फेऱ्या मी कशा सांगू? मी माझ्या सांगितल्या." आणि चहाचे कप गोळा करायला लागली. मला लाज वाटली. फार लाज वाटली.

ताई, घंटेकडे हात नेऊ नका, संपत आलंय.

कप मी बरोबर आणला आहे, त्या पिशवीत आहे. चिंचेने घासलेला आहे. फलकावरचं नाव खरवडायला पेंटर उद्या येईल. हुसेनभाई, तुमच्या एकोणीस वर्षांच्या वहीत एकच आकडा खोटा आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही, मी सांगितलेला आहे. वही अजून तुमच्या हातात आहे तोवर तो दुरुस्त व्हावा, एवढ्यासाठी मी आज बोलायला उभा राहिलो. सत्कार हे निमित्त.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, पाहुण्यांनी आमचं घरगुती प्रकरण निमूट ऐकून घेतलं, भाभींनी एकोणीस वर्षं रविवारचा माणूस आम्हाला दिला, या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राहिला असेल, तर माफी असावी. चौथ्या फेरीची माफी मात्र मागत नाही. ती वहीत दुरुस्त करा.

भाई, वही मिटलेलीच असू दे. आधी मी सांगतो. चिंतामणी आगाशे, फायबरची होडी, फेऱ्या तीन.