कुरुक्षेत्रावरचा लंगर

बायकोचं कौतुक करतो म्हणून हसायचं तर खुशाल हसा, पण ऐका. आमच्या वैशालीने महाभारतावर कादंबरी लिहिली. नायिका कोण, तर युद्धाच्या छावणीत सैन्याला जेवू घालणारी एक स्वयंपाकीण. हजारोंचा स्वयंपाक कसा होतो ते कळावं म्हणून ही शेजारच्या हरजीत आंटींबरोबर दर रविवारी गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोट्या लाटायला जायची.

चंडीगडच्या आपल्या मराठी मंडळींनीच प्रकाशन केलं. भाषणं झाली आणि एक निवृत्त प्राध्यापक उठले.

"वैशालीताई, मूळ ग्रंथात ही बाई कुठेच नाही. मनानेच पात्रं घुसवायची तर त्याला महाभारत कशाला म्हणायचं?"

वैशालीचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या वर्षांची मेहनत!

हरजीत आंटींना मराठी ओ की ठो कळत नाही. त्यांनी मला कोपराने ढोसलं, "क्या कह रहे हैं?" मी सांगितलं. त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"प्रोफेसर साहब, लड़ाई कितने दिन चली?"

"अठारह."

"तो अठारह दिन रोटी किसने पकाई जी?"

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती प्राध्यापकांनीच. मग पुस्तक घेऊन सही मागायला आले, तेही आंटींची! वैशालीने हसत पेन आंटींच्या हातात दिलं.

आमच्या घरच्या प्रतीवर दोन्ही सह्या आहेत, एक मराठीत, एक गुरुमुखीत. तुम्हाला दाखवली नाही अजून? चहा राहू दे, आधी ती आणतो.