सहा जागा आन् एक ओळ

पोरगी? तुम्हाले पोरगी नाही? — अजी थांबा, कागद द्या इकडे, पाहू द्या मले. कुठं लिहिलं आहे? हे? "...उकळती पेज पाळण्यातील मुलीच्या उजव्या पायावर सांडून..." — हाव. बरोबर आहे तुमचं. लेकरूच नाही त पाळणा कुठून आला. चूक माझी ताई, काही घाबराचं काम नाही, बसा, स्टुलावर बसा. बरगडी दुखून राहिली असन त भितीले टेका. बाकीचं पाहा बरं — प्रतिक्षा, नवरा मंगेश, गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलं, आता पुनर्वसनात राहता, परवा सांजच्या वक्ती डोंग्याच्या वल्ह्यानं मारलं, डाव्या बरगडीवर. आहे ना सारं? हाव ना? मंग झालं त. ते एक ओळ काढतो का दुसरा कागद देतो तुम्हाले.

काय म्हंता, मी त हे सांगितलंच नाही? — आता कसं सांगू. तुम्हाले वाटलं असन, तुम्ही बोलून राहिल्या आन् मी टायपून राहिलो. नाही ताई. वीस वर्षं झाली या कोर्टासमोर मले, भंडाऱ्यात विचारा टिकाराम टायपिंगवाला कोण त. एकेका बाईचं पहिल्यापासून लिहीत बसलो त दिवसाले दोन अर्ज नाही होत. माझ्याजवळ एक फाइल आहे, 'मारहाण' म्हणून. त्याच्यात सहा जागा आहेत — बाईचं नाव, नवऱ्याचं, गाव, तारीख, कायनं मारलं, कुठं मारलं. पडद्यावर डाव्या बाजूले जुना शब्द, उजव्या बाजूले तुमचा, आन् एक बटन दाबलं का साही जागा एकदमच बदलतेत. एकदमच, पापणी लवत नाही तोवर. पहिले मी एक-एक करत होतो, त दिघोरीच्या दोघांनी बोडीच्या, शेतातल्या तळ्याच्या पाण्यावरून एकमेकांची डोकी फोडली, लक्ष्मणराव आन् आनंदराव, दोघंही माझ्याचकडे आले. मी म्हटलं, एकाचा अर्ज उलटवला का दुसऱ्याचा तयार. पहिले साऱ्या लक्ष्मणरावाचा आनंदराव केला, मंग साऱ्या आनंदरावाचा लक्ष्मणराव केला. कागद निघाला त त्याच्यात लक्ष्मणरावानं लक्ष्मणरावाले कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणलं होतं! ठाण्यात हसून हसून मेले लोक. तवापासून हे एकदमचं शिकलो. हसा ना ताई थोडंसं. — बरं, नका हसू.

त्या ओळीचं? ते काही नाही. ते मूळचं आहे. म्हणजे फाइल कोणातरी बाईच्या अर्जावरूनच बनवली ना, आभाळातून थोडीच पडली. तिच्या नवऱ्यानं सैपाकघरात तिले सायकलच्या पंपानं मारलं, पाठीवर, मानेवर, पंप वाकडा झाला तवा थांबला. मंग चुलीवर उकळत्या पेजेचा भरला गंज होता, तो उचलला. ते भाजी खारट झाल्याचं काहीतरी होतं — भाजीचं नव्हतंच म्हणा, तिनं वर पाहून जवाब देला होता. तिच्यावरच फेकली मी, पण ते वाकली, आन् मांग पाळणा — त्यानं फेकली. त्या माणसानं. असं काय पाहता?

पाहा. पाहून घ्या. आता निघालंच तोंडातून त निघालं. माझी बायको, रुखमिणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीले, टीनाले दवाखान्यात ठेवून ते इथं आली. घरी नाही हो, इथं, दुकानात. दोन गिऱ्हाईकं होती, त्यांच्या मांग उभी राहिली, आन् तिची पाळी आल्यावर तुम्ही बसल्या त्या स्टुलावर बसून म्हणे, "लिहा." मानेवर माझाच वळ. मी म्हटलं घरी चल. म्हणे, "लिहा, गैरअर्जदार टिकाराम." तिनं सांगितलं आन् मी लिहिलं — शब्दनशब्द, तिनं सांगितलेलं एक अक्षर नाही खाल्लं मी, तेवढं इमान ठेवलं. सही केली, कागद घेतला, ठाण्याच्या गेटापर्यंत गेली आन् वापस आली. काहून वापस आली? मी नाही विचारलं. तिच्या मायबापानं नेलं नसतं घरी, तिलेही मालूम होतं, मलेही मालूम होतं. तवापासून मी हात नाही उचलला. एकदा उचलला. दोनदा. ते काही याच्यासारखं नव्हतं. आताही घरीच आहे, डबा तिनंच देला आज. बोलत नाही, पण डबा देते.

त्याच अर्जाची फाइल झाली. मीच केली. पहिल्यांदा बटन दाबलं, आन् माझं नाव गेलं, दुसऱ्याचं आलं — काय हलकं वाटलं म्हणून सांगू! मंग रोजच. कैलाशनं मारलं, अंकुशनं मारलं, आज तुमच्या मंगेशनं मारलं. पण ते पेजेची ओळ फाइलीतून नाही काढवत मले. बोट जाते तिथंवर आन् थांबते. तिचा कागद तिनं चुलीत घातला, टीनाले आठवत नाही पाय कायनं भाजला, आम्ही सांगितलं गंज कलंडला. फाइलीतून काढली त मंग ते कुठंच नाही लिहिलेलं राहत. म्हणून दर कागदातून हातानं काढतो. काढतोच. दोनदाच राहून गेली. एक आज.

दुसरी? दुसरी मेघा. माहेर वरठीचं, दिली होती लाखांदूरकडे. पोर होत नाही म्हणूनच नवरा मारे तिले, आन् मी तिच्या अर्जात पाळणा ठेवला! तिच्या नवऱ्याच्या वकिलानं भर कोर्टात वाचला — "कोणती मुलगी, बाई? दाखवा ना मुलगी." ते रडत म्हणे, मी असं सांगितलंच नाही. झालं, अर्जच खोटा ठरला. चार लोकांनी समजावून सासरी पाठवली. दीड महिन्यात भितीवर डोकं आपटून आपटून मारलं तिले. तिचा बाप, श्रावण, येऊन सांगून गेला. मले वाटलं गचांडी धरन, मारन. त म्हणे, "भाऊ, तुम्ही त चांगलं लिहून देलं होतं."

नाही. नाही ताई, ओळ काढूनही नाही देणार. तोच वकील उभा राहिला त दोन अर्ज बाजूबाजूले ठेवन, सहा जागा सोडून सारे शब्द सारखे, तुमचंही खोटं ठरवन. समोर, झेरॉक्सच्या वर, मोना मॅडम बसतेत. त्याही अर्ज लिहितेत, पण हातानं, दोन घंटे लागन लागले त, पण तुमच्या तोंडचं लिहितेत. चार वाजता मंगेश घरी येते म्हंता, त आत्ता जा, आजच द्या अर्ज. — नाही, मले नका सांगू नव्यानं. मी नाही ऐकत. "पहिले त्यानं दार लावलं" म्हणाल्या ना तुम्ही सकाळी, तवा मले मंगेश नाही दिसला. मले माझ्याच सैपाकघराची मी लावलेली कडी दिसली आन् हाताले बरं वाटलं, ऐकलं का? बरं वाटलं! आता उठा. उठा म्हटलं ना — ऊठ!

...अजी. ताई. डोकं कायले झाकलं? मी बसलेलाच आहे, पाहा, खुर्चीतून नाही उठलो. हात खाली घ्या. नाही मारत मी. — हात खाली घ्या ना.