नऊशे चाळीस वेळा मान्य

विरयुत : आडनाव तुझंच, गल्ली तुझीच. ओराथाय, हे खातं कुणाचं?

ओराथाय : आईचं, साहेब.

विरयुत : सख्ख्या आईचं?

ओराथाय : हो. बाजारात गाडीवर गोड भात विकते.

विरयुत : आणि एआय म्हणालं, 'फसवणाऱ्या टोळीचं खातं आहे, गोठवा,' तर तू 'मान्य' दाबलंस?

ओराथाय : रोज दीडशे अनोळखी माणसं वीस-वीस बातची रक्कम खात्यात टाकतात, म्हणून त्याला संशय आला. ती गिऱ्हाइकं आहेत, साहेब. मोबाईलवरून पैसे देतात.

विरयुत : म्हणजे तुला माहीत होतं! शेजारीच 'अमान्य'चं बटण आहे ना? मग?

ओराथाय : ते एआय तुमच्या आवाजात बोलतं.

विरयुत : अगं, आवाज दिला तो तुम्हाला परकं वाटू नये म्हणून!

ओराथाय : परकं नाहीच वाटत, साहेब. सांगून झालं की आम्ही हात जोडतो.

विरयुत : यंत्राला?

ओराथाय : सवयीनं.

विरयुत : दोन महिन्यांत नऊशे एक्केचाळीस इशारे आणि एकच 'अमान्य'. मी बँकॉकच्या मुख्य कार्यालयाला छाती फुगवून लिहिलंय, यंत्र चुकतच नाही. उद्यापासून बँकेच्या सतरा शाखांत खातं गोठवताना माणसाला विचारणारच नाहीत! तो एक 'अमान्य' कुणाचा?

ओराथाय : थनवतचा. पहिल्याच आठवड्यात.

विरयुत : त्याचं बरोबर होतं?

ओराथाय : बरोबर होतं. पण तुम्ही मीटिंगमध्ये विचारलंत, 'थनवतला माझ्यापेक्षा जास्त कळतं वाटतं?' सगळे हसले.

विरयुत : गंमत केली होती मी.

ओराथाय : हो, साहेब. महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली.

विरयुत : ...किती दिवस झाले आईचं खातं बंद होऊन?

ओराथाय : अकरा. नारळाचे पैसे त्यातच अडकलेत. गाडी उभी आहे.

विरयुत : अकरा दिवस माझ्यासमोर बसून हिशेब दाखवतेयस, आणि एक शब्द नाही? उघड ते खातं. आत्ता, माझ्यासमोर. बँकॉकला मी फोन करतो.

ओराथाय : हो, साहेब.

विरयुत : शिव्या घातल्या असतील तिनं मला. घालू देत.

ओराथाय : (पिशवी टेबलावर ठेवत) नाही, साहेब. ही मँगोस्टीनची फळं तिनंच पाठवलीत. म्हणाली, 'मोठ्या साहेबांनी थांबवलं म्हणजे माझंच काही चुकलं असणार. माफी मागून ये.'