शंकरची जागा

गाणं कसं करता, असं विचारलंत म्हणून सांगतो. मी आधी शब्द धरत नाही. आधी थांबायची जागा ठरवतो. मी ओळ म्हणून थांबायचो आणि माझा झीलकरी शंकर ती मागून उचलायचा. चाळीस वर्षं त्याने उचलली. तो गेल्यावर मी दुसरा झीलकरी ठेवला नाही. त्याची जागा मोकळी सोडून गात राहिलो.

यंदा इस्लामपुरात एका स्टुडिओवाल्याने माझं गाणं रेकॉर्ड केलं. त्याने ऐकवलं तेव्हा मी विचारलं, "मधली जागा कुठं गेली रं?"

"आवं तात्या, तितं कायच नव्हतं. कापलं. आता कसं लय सलग वाटतंय."

"तितं शंकर हाय."

"कोण शंकर? मला तर न्हाई ऐकू आला."

मी उठून बाहेर पडलो. तिथंच बोलायला हवं होतं.

पुढं म्हसवडला कार्यक्रम ठरला. स्टेजवर चढल्यावर संयोजक कानाशी म्हणाला, "तात्या, तुमचंच रेकॉर्डिंग लावतोय. माईक बंद हाय, नुसतं तोंड हलवा."

मांडव भरला होता. उतरून जाणं बरं दिसलं नसतं. पहिली ओळ संपली आणि सवयीने मी तोंड मिटून मागं वळलो. गाणं थांबलं नाही. माझाच आवाज मला सोडून पुढं गेला.

लोक हसले. पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "म्हातारा इसरला गड्या."

विसरलो असतो, तर तोंड हलवत राहिलो असतो.