शेवटच्या घराचा मान

आमच्या उमरग्यात नाताळाला दोघंजण येशूचे आईबाप मरिया-योसेफ बनून हलगी-टाळाच्या गजरात दारोदार जागा मागत फिरतात. समद्यांनी ‘जागा न्हाय’ म्हणायचं, फक्त शेवटच्या घरानं आत घ्यायचं. तो मान दरसाली शेजारच्या सुमनबाईंना. का, तर त्यांचा ओटा मोठा. मी आपली ‘जागा न्हाय’ म्हणून दारामागं जळत बसायची.

यंदा म्या दार सताड उघडलं. "या, बसा."

योसेफ झालेला माझा दीर कुजबुजला, "वहिनी, तुम्ही न्हाय म्हणायचं असतंय."

"दरसालीच म्हणते की."

दमलेली मरिया तवर बाजेवर बसलीसुद्धा. तिच्यामागं सगळी मंडळी आत शिरली, म्या चहा टाकला.

वाट बघून बघून सुमनबाई मेणबत्त्यांचं ताट घेऊन दारात आल्या. "आमच्याकडं कधी येणार हे?" म्हणत आत पाय टाकायला लागल्या, तसं माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "जागा न्हाय."