मिस्त्रीच्या दारात आमची जीप

मी ढिवराची लेक अन् ढिवराचीच सून. मूलपासून तीन कोसावर आमचं गाव, माहेर तलावाच्या या पाळीवर, सासर त्या पाळीवर, म्हणून लग्नात मले रडूच आलं नाई, बाया हसत होत्या. बाप जाळं टाके, माय टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरे, मीबी तेच करत आली. शाळा नाई पाह्यली, पण मासा हातात घेतला की तो कधी पाण्याबाहेर आला ते सांगते.

काय सांगू तुमाले, तलाव आमी राखावा, जाळं आमी टाकावं अन् भाव सांगावा ठेकेदारानं. चैतात पाणी आटलं की आठ-दहा दिवसांत सारा मासा काढा लागते, नाई तं तो चिखलातच मरते. हे त्याले बरोबर ठाऊक. तो आपली जीप पाळीवर उभी करे अन् म्हणे, द्या नाई तं सडू द्या, मले काय. म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीनं लिलावातून एक जीप घेतली. मोठ्या लढाईतली म्हणे ते, स्टेअरिंग डाव्या हाताले. माझा दीर नामदेव चालवे. पहिल्याच उन्हाळ्यात आमी आमचा मासा बर्फात घालून नागभीडच्या टेशनावर नेला, नागपूरच्या गाडीत चढवला, अन् ठेकेदार रिकामी जीप घेऊन वापस गेला. त्याचं तोंड पाहाले पाळीवर सारं गाव आलं होतं.

दुसऱ्या वर्षी माघात जीप गरम व्हाले लागली. रेडिएटर गळे, वरचा रबरी पाइप फुटला. पाइपाले मी आमच्या जाळ्याचं सूत गुंडाळलं, सालीत उकळून काळं केलेलं, अन् गाठ मारली, तरी रेडिएटर गळेच. म्हणून मूलले पुंडलिक मिस्त्रीकडं नेली. ह्या जुन्या जीपेचं काम त्याच्याशिवाय कोणाले येत नाई. हात सोन्याचे हायेत त्याचे, खोटं काऊन बोलू. आठ दिवसांत देतो म्हणला.

आठ दिवसांनी गेली तं म्हणे रेडिएटर नागपूरले पाठवला, बुधवारी या. बुधवारी गेली तं म्हणे वेल्डिंगवाला आजारी हाये. मंग होळी आली. मंग त्याच्या साळ्याचं लग्न. दर खेपेले तीन कोस जा, तीन कोस या, अन् आमची जीप तोंड उघडं टाकून उभी, सीटवर कोंबडी बसलेली. मी म्हणलं, भाऊ, चैत लागून राह्यला, आमचे दहाच दिवस असतात. तं म्हणते कसा, बाई, मशीन हाये ते, भाकर नाई की थापली अन् झाली. मी म्हणलं, भाकर थापतो म्हणून तं सांगून पाह्य एकदा, तेबी तू बुधवारीच देशील.

चैत आला. पाणी गुडघ्यावर आलं, मासा उड्या मारून राह्यला, अन् पाळीवर कोण आलं तं ठेकेदार. त्याची जीप तापली होती, ड्रायव्हरनं बोनट उघडलं, मी हंडाभर पाणी घेऊन गेली, कोणी मागतलं तं पाणी द्या लागते. अन् पाह्यते तं काय, वरच्या पाइपावर काळं सूत. माझी गाठ. आमी शेवटचा फेरा उलटा घेतो, तसा मूलात कोणी घेत नाई. आमचा रेडिएटर, नागपूरले गेलेला, पाइपासकट ठेकेदाराच्या जीपेत बसून आमचाच मासा न्याले आला होता.

माझ्या अंगाची आग झाली. मी हंडा तिथीच ओतला, जमिनीवर. बायांले हाक मारली, चौदा बाया जीपेले घेरून उभ्या राह्यल्या. ठेकेदार म्हणे, मिस्त्रीनं बसवला, मले काय माहीत, पोलिसात जातो. मी म्हणलं, जा, पण पायी जा. नामदेवनं पाना घेतला अन् रेडिएटर काढला. त्या दिवशी एक मासा कोणी तराजूत टाकला नाई.

टोपल्यात रेडिएटर घेऊन मी तीन कोस चालली. मिस्त्रीच्या पुढ्यात आदळला. तो लाजला असंन म्हणता? त्यानं पाह्यलं, बिडी विझवली अन् म्हणला, बरं झालं आणला, बुधवारी या.

मी तिथीच मांडी घालून बसली. म्हणलं, बुधवार मले शोधत इथीच येईल. दुसऱ्या दिवशी आणखी चार बाया आल्या, पाचव्या दिवशी जीप निघाली. पण तोवर तलावात चिखल उरला होता. अर्धा मासा मेला, अर्धा आमी पाळीवर वाळवला, ठेकेदाराले नाई दिला. ते वर्ष असंच गेलं, ते मी मिस्त्रीले माफ केलं नाई, करणारबी नाई.

आता त्या गोष्टीले तीन वर्षं झाली. जीप म्हातारी हाये, बिघडतेच, अन् आणा लागते याच्याकडंच. म्हणून आमी पाळी लावली हाये. जीप इथी आली की एक बाई तिच्याजवळ बसते, काम होईस्तोवर. आज माझा तिसरा दिवस. त्याच्या लेकरायचं भलं हो, मी कोणाचं वाईट मागत नाई. आत्ताच विचारून गेला, बाई, चहा सांगू का. म्हणलं, चहा नको, तू पाना सोडू नको.