हंबीररावांची परिमिती

…अन् ह्या चौकोनांनीच घात केला ओ! न्हाईतर तुम्हाला सांगतो, आमच्या शिवाजी पेठेतला हंबीरराव म्हंजे उधळलेली म्हस शिंगाला धरून जाग्यावर थांबवणारा गडी… आणि त्याला घाम कशानं फुटावा? पाचवीतल्या परिमितीनं!

पोरीचा अभ्यास त्याची बायको, आमच्या वर्षाराणीवहिनी घ्यायच्या. त्या गेल्या वर्षी गेल्या… म्हंजे वारल्या ओ. मग धारा काढून झाल्या की हंबीररावच बसाय लागला क्रांतीजवळ. कागदावर नुसते चौकोन, त्यात एक आकृती, पाच चौकोन लांब, तीन रुंद. ह्यानं कडंकडंचे चौकोन मोजले. "बारा! लिही." आणि तुम्हाला सांगतो, सैपाकघरातनं साफ आवाज आला… "अवो, मोजा परत!"

वहिनींचा! तीच जरब! वळून बघतोय तर कोण न्हाय. गॅसवर दूध तेवढं.

"क्रांते, काय ऐकलंस?"

"न्हाय पप्पा. पण चौकोन न्हाय, कड मोजायची. कोपऱ्यातल्याच्या दोन बाजू बाहेर असत्यात की."

बोट फिरवून मोजलं. सोळा! सैपाकघर गप.

पुढची आकृती तीच, फक्त कोपऱ्यातला एक चौकोन कापलेला. "गेला म्हंजे कमीच की! पंधरा!" … "अवो, मोजा परत!" मोजतोय तर सोळाच! अख्खा कोपरा गेला आणि सोळाच? असं असतंय व्हय कुठं? गेला की सकाळी शाळेत भांडायला! सबिना मॅडमनी फळ्यावर काढून दाखवलं, "दोन बाजू गेल्या, आत दोन नव्या आल्या. बघा." बघितलं, आणि गुमान परत आला.

तवापासनं जे धरलंय ओ! खिडकीची जाळी, फरशी, स्वतःची चौकड्याची लुंगी… दिसंल त्याच्या कडंनं बोट फिरवतोय. चुकला की, "अवो, मोजा परत!" शेजारच्या चिमणाबाई म्हनल्या, "बाहेरचं हाय बाबा, उतारा टाक." तर हा म्हनतोय, "कशाला? ती काय चुकीचं सांगती व्हय?"

पण मोजून मोजून हात बसला की! एक गणित चुकंना! आणि आवाज बंद! मग मुद्दाम वरडला, "सतरा!" कान लावून बसला… दूध उतू गेलं तेवढं. मुद्दाम चुकलेलं बायकोला कळतंय हो, मेली तरी!

मग काय, परत शाळेत. "मॅडम, जरा अवघड द्या की. मला खरंच चुकंल असं."

मॅडमनी खडू उचलला. आणि दिली ओ… अख्ख्या वर्गाला! मधला चौकोन काढलेल्या आकृत्या! क्रांती रडकुंडीला, "पप्पा, सगळी पोरं मला शिव्या घालायल्यात!" पण हंबीररावाचं ध्यान कुठं? बाहेरची कड मोजली, भोकाच्या आतली इसारला, लिहिलं… आणि कान टवकारून गालातल्या गालात हसाय लागला.

आता काय बोलायचं सांगा! पोरगी जूनमधी सहावीत जाईल ओ. बाप मात्र पाचवीतच बसणार.